सात नातेवाईकांचा अल्बम

एकटेपणा हा दोष नव्हे. तो लपविण्याची धडपड मात्र भल्या माणसालाही अपराध्याच्या पिंजऱ्यात नेऊन उभी करते, आणि तेथे त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते. चष्मेवाल्या बाईंची हकीकत ऐकताना एवढे ध्यानात असू द्यावे, आणि मग खुशाल हसावे.

खाली चष्म्यांचे दुकान, वर तीन खोल्या, आणि त्या तीन खोल्यांत बाई एकट्या. परदेशातील एका अनाथालयातली पाच वर्षांची मुलगी दत्तक मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला, त्याला दोन वर्षे होत आली होती. अखेर दत्तक कार्यालयाचे पत्र आले : मुलीला आधीच ओळख व्हावी म्हणून घराच्या आणि घरातल्या माणसांच्या फोटोंचा अल्बम पाठवावा.

"अल्बम ना? दोन दिवसांत करते!" बाई आरशाला म्हणाल्या. दुकानात आरसे पुष्कळ होते. उत्तर देणारे कोणी नव्हते.

एकवीस फोटो निघाले. ओटा, खिडकी, नवी छोटी खाट. पाहतात तो काय, एकाही फोटोत माणूस नाही! जागा भाड्याने देण्याची जाहिरातच जणू! हे पाहून पोर येईल तरी कशाला?

झाले! दुसऱ्या दिवसापासून जो कोणी चष्मा न्यायला येई, त्याला त्या म्हणत, "जरा वर येता का? एक फोटो काढायचाय. हसा बरं!" माणसे भिडेखातर जिना चढली. शिंपी खिडकीत बसला, तो मामा झाला. दातांच्या डॉक्टरीणबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या, त्या मावशी झाल्या. निवृत्त पोस्टमास्तर धापा टाकीत खुर्चीत टेकले. त्यांच्या फोटोखाली बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'आजोबा'. इतरांना जे जमवायला तीन पिढ्या लागतात, ते सात नातेवाईकांचे गोत बाईंनी तीन दिवसांत उभे केले!

महिन्याने दत्तक कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला.

"बाई, मुलीला अल्बम फार आवडला. सगळी नाती तोंडपाठ झालीत म्हणे तिला!"

"हो का?"

"पण तुमच्या अर्जात लिहिलंय, घरात एकटी. आणि अल्बममध्ये तर सात जण!"

"ते... येऊन-जाऊन असतात."

"मग सातही जणांची वैद्यकीय तपासणी हवी. पोलिसांचा दाखलाही हवा. गुरुवारी येतो मी. सगळ्यांना थांबवून ठेवा!"

खरे सांगण्याची ती वेळ होती. बाई ती चुकल्या आणि घरोघर हात जोडीत फिरल्या. गुरुवारी सात माणसे एका खोलीत अवघडून बसली.

"तुम्ही मामा ना?" साहेबांनी शिंप्याला विचारले. "म्हणजे ह्या मावशी तुमच्या बहीण?"

"बहीण? ह्यांनी माझी दाढ उपटलीय! तीही भलतीच!"

"भलती कशी? तुम्हीच भलत्या दाढेवर बोट ठेवलंत!"

"भूल दिलेल्या माणसाला बोट दाखवायला सांगतं का कुणी?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, ह्यांतलं माझं कुणी नाही. सगळी गिऱ्हाइकं आहेत. रिकामं घर बघून पोर बिचकेल, असं वाटलं मला."



"एकटं असायला आमची ना नव्हती हो," साहेब हळूच म्हणाले. "अर्ज मंजूर होतच आला होता. आता प्रत्येकाने लिहून द्यायचं, 'माझा या बाईंशी कोणताही संबंध नाही.' सातातला एक कागद जरी कमी पडला, तरी फाईल परत!"

रांग लागली. कागद बाईंनीच दिले, पेनही दिले. ज्यांना जवळचे दिसत नव्हते, त्यांना खालून चष्मेही आणून दिले! "माझा या बाईंशी कोणताही संबंध नाही," असे मोठ्याने वाचून एकेक जण सही करी, आणि बाई दर वेळी म्हणत, "आभारी आहे." असे सहा वेळा झाले.

पोस्टमास्तरांनी मात्र पेन खाली ठेवले. "मी नाही सही करायचा."

"मास्तर, पाया पडते! फाईल परत जाईल हो माझी!"

"तिकडे त्या पोरीनं मला आजोबा म्हणून पाठ केलंय, आणि इकडे मी लिहून देऊ, संबंध नाही म्हणून? माझ्या घरी तरी कोण आहे? भिंती!"

"पण तुम्ही ह्यांचे लागता कोण?" साहेब त्रासून म्हणाले.

"कुणी नाही. पलीकडच्या गल्लीत राहतो. रोज येत जाईन. रक्त काढा, पोलीस बोलवा, काय हवं ते करा!"

साहेबांनी बराच वेळ फाईल चाळली. एका रकान्यापाशी ते थांबले : 'अडचणीच्या प्रसंगी मुलीला सांभाळणारी जवळची व्यक्ती'. तेथे बाईंनी एक आडवी रेघ ओढलेली होती. साहेबांनी रेघेवर काट मारली आणि वर मास्तरांचे नाव लिहिले.

बाई एवढेच म्हणाल्या, "मास्तर, चष्म्याची काडी वाकलीय तुमची. आणा इकडे."

फाईल पुढे गेली, मुलगी आली. सहा माणसांनी नाते नाकारल्याचे सहा कागद कार्यालयाच्या कपाटात अजून सुरक्षित आहेत. मुलगी मात्र उतरल्या दिवसापासून शिंप्याला मामा म्हणते, आणि कार्यालयाचे तिच्यापुढे काही चालत नाही!

त्या तीन खोल्यांचे, त्यांत राहणाऱ्या दोघींचे आणि जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाचे कल्याण असो.