सिद्रामप्पांची ट्रायल

सिद्रामप्पांनी शिवलेली सीट पैसे दिले म्हणून तुमची होत नाही. तिच्यावर बसून त्यांच्यासमोर एक कप चहा संपवावा लागतो आणि चहा संपेपर्यंत बूड जागचं हलता कामा नये. जरा हललं, की अप्पा "हललं की. फेल," म्हणतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत सीट उसवायला घेतात. याला ते ट्रायल म्हणतात.

"तोंड लई खोटं बोलतंय," हे त्यांचं म्हणणं. "मऊ हाय, झकास हाय, कायबी म्हनतंय. बूड खोटं बोलत न्हाय."

आमच्या पेठेत त्यांचं कुशनचं दुकान आहे. शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत रेक्झिनचे गुंडाळे, काथ्याचे ढीग आणि आतडी बाहेर काढलेल्या खुर्च्या. कुणीही आत आलं की अप्पा कानडीत "कूड्री, कूड्री" म्हणतात, म्हणजे बसा, बसा. बसायला मात्र तिथं काहीच नसतं. जे काही आहे ते उसवलेलं, नाहीतर ट्रायलला लागलेलं.

एका वकिलांची खुर्ची चौथ्यांदा फेल झाली तेव्हा ते कावून म्हणाले, "अहो, मला मूळव्याध आहे."

"मग आदी सांगायचं की," अप्पा म्हणाले. "मूळव्याधीची सीट येगळी."

रिक्षाच्या सीटची ट्रायल रिक्षावाल्यावर घेऊन काय उपयोग? म्हणून त्यांनी एकदा एसटी स्टँडला निघालेल्या बाईंना रिक्षातच चहा पाजला. बाईंची गाडी चुकली. सीट पास झाली.

माझे वडील गिरणीत होते. घरात बाराखडीच्या आधी मी 'कामगार बंधूंनो' वाचायला शिकले. अन्याय दिसला की मला गप्प बसवत नाही. माझ्या स्कूटीच्या सीटची दुसरी ट्रायल चालू असताना मी अप्पांना स्पष्ट सांगितलं, की हा ग्राहकाच्या वेळेवर घातलेला दरोडा आहे, तुमच्या या मनमानीविरुद्ध मी पत्रक काढणार आहे, आणि पेठेतल्या प्रत्येक दुकानात ते वाटणार आहे.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "बोलताना हललीस, अव्वा. फेल."

मुलीबाळींना ते अव्वा म्हणतात. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली. दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहतात आणि दिवसभरात चहा मात्र कधीच एकट्यानं घेत नाहीत.

तर या दुकानात एके दिवशी टेम्पोतून ती मोटार उतरली. लहान मुलानं आत बसून पेडल मारत चालवायची, जुन्या काळातली, जाड पत्र्याची लाल मोटार. एक दिवा फुटलेला, रंगाचे पोपडे निघालेले आणि बसायच्या जागी नुसता पत्रा. होटगी रोडला नवीन हॉटेल काढणाऱ्या एका शेटच्या वडलांची ती लहानपणची. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नेणार, तोवर सीट आणि पाठ मस्त करून ठेवा, एवढं सांगून शेट गेले.

अप्पा त्या मोटारीभोवती दोन दिवस नुसते फिरले. मग काथ्या, वर फोम, वर कापूस, अस्तराला सोलापुरी चादरीचा तुकडा, लाल रेक्झिन, पांढरी पायपिंग आणि पाठीला बटणं. पुढची कड त्यांनी उतरती घेतली, कारण पेडल मारताना पोरांच्या मांडीला रग लागते. एवढीशी सीट, पण तिला खासदाराच्या सोफ्याला लागले नसतील इतके टाके.

प्रश्न ट्रायलचा होता. अप्पांनी पाच वर्षांच्या पोराच्या वजनाची ज्वारी तोलली, पोत्यात भरली आणि पोतं मोटारीत बसवलं. समोर स्टूलवर कपभर चहा ठेवला. चहा गार झाला, पोतं हललं नाही.

"पास झालं की अप्पा," मी म्हणाले.

"ज्वारीला काय टोचतंय?" ते खिन्नपणे म्हणाले.

तेवढ्यात शाळेतून घरी निघालेली लावण्या दारात थांबली. पलीकडच्या बोळातल्या विणकरांची पोरगी, पहिलीतली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे पोतं उठणार कधी?"

पोतं उठलं. लावण्या बसली. पोरांना चहा नको म्हणून अप्पांनी लिमलेटची गोळी ठरवली: गोळी विरघळेपर्यंत हलायचं नाही. लावण्या पहिल्या मिनिटालाच हॉर्न शोधायला वाकली. फेल. अप्पांनी आनंदानं सीट उसवली.

दुसऱ्या दिवशी ती चौघांना घेऊन आली. तिसऱ्या दिवशी दारात रांग. कुणाला खाज सुटायची, कुणी पेडल मारून थेट काथ्याच्या ढिगात घुसायचं. एकानं तर सीट पास होऊ नये म्हणून आधीच हलत हलत प्रवेश केला. अप्पा रांगेला शिस्त लावत, भांडणं सोडवत, गोळ्या वाटत आणि रोज संध्याकाळी जाहीर करत, "आज बी फेल. उद्या या."

उद्घाटन जवळ आलं. त्या सुमारास मी लावण्याची एक ट्रायल पाहिली. तिनं गोळी तोंडात टाकली, स्टिअरिंग धरलं आणि मूर्तीसारखी बसली. नाकावर माशी बसली तरी हलली नाही. रांग श्वास रोखून बघत होती. शेवटी तिनं जीभ बाहेर काढून दाखवली. गोळी संपली होती.

अप्पांचा चेहरा उतरला.

"हललीस," ते म्हणाले.

"नाय हलले."

"हललीस."

"आज्जा, नाय हलले. विचारा सगळ्यांना."

"आतनं हललीस," अप्पा म्हणाले आणि मान खाली घालून सुई शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पोरं शाळेत असताना, मी माझी एकदाची पास झालेली सीट न्यायला गेले. अप्पा मोटारीची सीट मांडीवर घेऊन एकेक टाका कापत होते. टाका सरळ होता, घट्ट होता. मी पाहिलं, त्यांनीही मला पाहिलं. "कूड्री," ते म्हणाले. मी खाली जमिनीवर बसले. पत्रकाचा विषय मी काढला नाही.

संध्याकाळी पोरांची रांग लागलेली असताना शेट टेम्पो घेऊन आले. मीही अजून तिथंच होते. अप्पांनी ट्रायल बाकी असल्याचं सांगितलं.

"काका, त्यात कोण बसणार आहे? शोला ठेवायचीय काउंटरपाशी. पाटीसुद्धा रंगवून आणलीय."

पाटीवर लिहिलं होतं: कृपया बसू नये.

मग मात्र माझं डोकं फिरलं. बसण्यासाठी केलेल्या गोष्टीवर बसायला बंदी घालणारी ही कसली संस्कृती, तुमच्या हॉटेलात पाय दुखेपर्यंत उभ्या राहणाऱ्या पोरांना तरी एक स्टूल देणार का, असं मी शेटना भररस्त्यात विचारलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेट म्हणाले, "या कोण?"

"गिऱ्हाईक हाय," अप्पा म्हणाले. "बोलताना लई हलतीया."

त्यांनीच कापलेले टाके परत घातले, सीट मोटारीत ठोकून बसवली, फडक्यानं पुसली. टेम्पोत चढवायला पोरांनी हात लावला. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत अप्पा बघत राहिले. मग उतरवून ठेवलेली ज्वारी पोत्यासकट आत नेली.

पुढच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेले. दारात रांग होती. सवयीनं आली होती पोरं. पुढं लावण्या. अप्पा रिकाम्या जागेकडं बघत उभे होते. "आज काय न्हाय, बाळांनो," ते हळूच म्हणाले. पोरं हलेनात.

मी स्कूटी स्टँडवर लावली.

"अप्पा, माझी सीट टोचतेय."

"पास झालेली हाय की ती. मीच केली."

"आतनं टोचतेय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाना आणला, सीट खोलली आणि मधोमध मोटार होती त्या जागी स्टूलवर ठेवली.

"लई ट्रायली लागतील, अव्वा. गाडी मिळायची न्हाय लवकर."

"चालत जाईन," मी म्हणाले.

अप्पांनी फळीवरून गोळ्यांची बरणी काढली. लावण्या सीटवर चढली, नसलेलं स्टिअरिंग धरून बसली आणि बसल्या बसल्याच हलायला लागली.