पायपुसण्यावरची खसखस

विष्णू कारखानीस कोणाच्या बापाला भ्यायचा नाही. (बायकोची गोष्ट वेगळी.) त्यामुळे चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत, पिट्सबर्गला, शेजारच्या हुडाकआजी धापा टाकत आल्या तेव्हा तो चक्क हसला.

"तुमच्या घराचा मेलेला मालक नेलाप्सी झालाय!" आजी म्हणाल्या. "आमच्या स्लोवाकियातलं रक्तपिपासू भूत! दोन काळजं असतात त्याला. त्याने नुसतं बघितलं तरी माणूस आडवा! दारात खसखस टाक. दाणा न् दाणा वेचल्याशिवाय त्याला आत येता येत नाही."

"आजी, मी इंजिनियर आहे! आमच्या गावच्या वेताळाला मी भीक घातली नाही, तिथे हा कोण टिकोजीराव? थांबा, टेस्टच करतो. संध्याकाळपर्यंत एक दाणा हलला तर नाव बदलीन!"

त्याने तिरीमिरीत स्वयंपाकघरातला डबा आणला आणि दारातल्या नव्या, काथ्याच्या पायपुसण्यावर उपडा केला. आजी छातीवर क्रूस काढत चर्चला गेल्या.

तासाभराने मागच्या दाराने त्याची बायको शरयू आली. रिकामा डबा पाहून आणि नवऱ्याचा पराक्रम ऐकून ती मटकन खालीच बसली.

"अहो, आईने कोल्हापूरहून पाठवलेली खसखस होती ती! उद्या महाराष्ट्र मंडळात सत्तर अनारसे न्यायचेत. इथली खसखस काळी कुळकुळीत! काळे अनारसे बघून वसुधावहिनी वर्षभर हसतील मला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. विष्णू वरमला.

"पायपुसणं झटकून देतो की."

"आणि काथ्या निवडत कोण बसणार? वेचा! नशीब, पायपुसणं नवं कोरं आहे. मंडळात कोण सांगतंय!"

तिने भुवया कोरायचा चिमटा त्याच्या हातात ठेवला, त्याला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. विष्णू गुडघे टेकून बसला.

"भिऊन वेचत नाहीये, कळलं ना? टेस्ट कॅन्सल केली, म्हणून वेचतोय!" तो दाराकडे बघून गरजला.

तेवढ्यात चर्चहून परतलेल्या हुडाकआजींनी किंकाळी फोडली. "नेलाप्सी! दाणे वेचतोय!" पिशवीतला लसणाचा गड्डा सणसणत त्याच्या टाळक्यात बसला.

"आजी, मी विष्णू!" त्याने रागाने वर पाहिलं, तशी आजींनी डोळे गच्च मिटले. "शरयू, पोरी, पळ! दोन काळजं आहेत त्याला!"

खिडकी उघडली.

"दोन असोत नाहीतर दहा, आजी! सगळे दाणे वेचल्याशिवाय मी त्यांना घरात घेतेय होय!"