हकीकत जयमालाबाईंच्या किहीम स्वारीची

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मास, थंडी बेताची, सुपारीचा भाव चढा, ऐशा समयी म्हसळे येथील निवृत्त शिक्षिका राजमान्य जयमालाबाईसाहेब यांजवर जो प्रसंग गुदरला, आणि दोहींकडून पेच पडला असता त्यांनी जी मसलत केली, ती जैसी घडली तैसी लिहिली आहे. वाचणारांनी हसू आलियास हसावे. लिहिणाराच्या इमानास मात्र बोल लावू नये.

बाईसाहेब पूर्वी किहीमच्या शाळेत नेमणुकीस असता त्यांनी बँकेचे कर्ज काढून तेथे दोन खोल्या बांधिल्या होत्या. मग बदली म्हसळ्यास जाहली, आणि खोल्या नीराबाई नामे बाईस भाड्याने दिल्या. नीराबाई मांडवा बंदरी गाड्यावर बोटीच्या उतारूंस चहा विकी, भाडे बिनचूक पोचवी, आणि तक्रारीचा शब्द कधी काढीत नसे. पुढे बाईसाहेबांस निवृत्तीची रक्कम मिळाली, आणि घरात दुफळी माजली.

यजमान कृष्णाजीराव, एसटीचे माजी चालक, यांनी जाहीर केले की, किहीमचे छत जुने जाहले ते जाहले, तूर्त दमडी तेथे घालू नये, सारा ऐवज बँकेत भरून कर्जाचा निकाल लावावा. उलटपक्षी चिरंजीव प्रितम यांचे पनवेलीहून मोबाइलवर खलित्यांमागून खलिते सुटले की, कर्ज सावकाश फिटेल, आधी खोल्या सजवाव्या, दारी झोपाळा टांगावा, नीराबाईस रुखसत द्यावी, आणि शनिवार-रविवारी मुंबईकरांस दामदुपटीने द्याव्या. बाईसाहेबांची उभी हयात पगारातून हप्ता कापला जाण्यात गेली होती. एकदा तरी कर्जातून बेबाक होऊन निजावे ही आस त्यांसही होती. परंतु मुलूख डोळां पाहिल्यावाचून निवाडा नाही, ऐसा त्यांचा बाणा. सबब स्वारी निघाली.

एसटी अलिबागेस पोहोचेतो कृष्णाजीरावांनी चालू चालकाच्या गिअरांची निंदा केली, आणि मग दुसरी गाडी धरून किहीम गाठले. नीराबाईने पाणी दिले, चुलीवर बोंबलाचे कालवण रटरटत होते, जेवूनच जावे असा आग्रह केला. कृष्णाजीराव तडक पाहणीस लागले. छतास ओल धरलेली, त्यावर नजर टाकून त्यांनी फर्माविले की, यास रंगाचे दोन हात बस आहेत, स्लॅब वज्राचा आहे. आणि खात्री पटविण्यास छत्रीच्या टोकाने छतास ठोसा दिला.

तों मोठा आवाज जाहला, आणि पाटाएवढा गिलावा सुटून थेट कालवणात पडला. रस्सा उडून कृष्णाजीरावांचा पांढरा सदरा केशरी जाहला. वर पाहतात तो सळया गंजून पापुद्रे सुटलेल्या. कृष्णाजीराव छत्री भिंतीस टेकवून, जणू ती दुसऱ्याचीच, ऐशा रीतीने दाराबाहेर उभे राहिले.

बाईसाहेबांनी खोलीभर नजर फिरविली. खाट भिंतीस नव्हती, मधोमध ओढून घेतली होती, आणि वरून ताडपत्री बांधलेली. ताडपत्रीस हात लावून म्हणाल्या, “नीरा, अगं, फोन करून सांगायचंस तरी!”

नीराबाई कालवणातल्या गिलाव्याच्या खपल्या वेचीत म्हणाली, “सांगलं आन् तुमी म्हनलात खाली कर, तर जाऊ कुठं बाई? हितं आता भाडं इचारायची सोय न्हाय. वरून पडतंय, पन डोक्यावर हाय तरी.”

हे ऐकून बाईसाहेब घटकाभर दारच्या पायरीवर बसल्या. बँकेचा अखेरचा कागद हाती घेऊन घरी जावे, पेढे वाटावे, हे जे मनी योजिले होते ते एकेक करून त्यांनी मागे सारिले, आणि जड गेले. मग उठून हुकूम केला की, प्रथम छत, उरेल ते कर्जात, झोपाळा बरखास्त, नीराबाई आहे तेथेच राहील, भाडे तेच राहील, आणि ज्याने कालवण बुडविले त्याने बाजारातून ताजे बोंबील आणावे.

कृष्णाजीराव पुटपुटले, “आणि बँक?”

“बँक माझ्या ओळखीची आहे,” बाईसाहेब बोलिल्या. “इतकी वर्षं सांभाळलीय, अजून थोडी सांभाळीन.”

मग कान्हा गवंडी यास पाचारण जाहले. त्याने जुना गिलावा उतरविला, गंजक्या सळया बदलिल्या, वरच्या भेगा बुजवून नवा गिलावा चढविला, आणि शेवटी कसोटीकरिता स्लॅबावर बांध घालून पाणी साठविले. प्रितमने दुरूनच रुसवा धरिला, मग तोही आला आणि विटा वाहू लागला. नीराबाईने गाड्याला सुट्टी देऊन सर्वांस चहा पाजिला, पैसे घेतले नाहीत.

पाणी वर उभे असता बाईसाहेब स्टुलावर चढल्या आणि तळहात छतास लाविला. खालून सारे मान वर करून पाहत होते. हात कोरडा उतरला.

येणेप्रमाणे किहीमची मोहीम फत्ते जाहली. कर्ज अद्याप उभे आहे. छतही उभे आहे. हे जयमालाबाईसाहेबांच्या संमतीने लिहिले असे.