भरल्या पोटी समुद्र

दुसऱ्यांदा वाढलेली वांगीसुद्धा तिझियानोने कागदी रुमालात गुंडाळली, खुर्चीखाली टाचेने उकरलेल्या खड्ड्यात सोडली, वर वाळू लोटली आणि तोंडावर तृप्त माणसाचा भाव आणला. वांगं लहानपणापासून त्याच्या घशाखाली उतरत नसे. आणि फिलोमेनाआजीची परमिजाना म्हणजे तळलेल्या वांग्यांचे थरावर थर, मध्ये टोमॅटो आणि चीज, आणि त्यावर पुन्हा वांगीच.

"संपलं?" आजीने विचारलं.

"संपलं, आजी."

"बघ मिरेल्ला, याला म्हणतात खाणारा मुलगा. नाहीतर तुझा तो आधीचा. चिमणीसारखं टोचायचा मेला."

मिरेल्लाने अभिमानाने तिझियानोकडे पाहिलं. खड्ड्याचं तिलाही ठाऊक नव्हतं. तो आधीचा मुलगा दिसायला देखणा होता, शिकलेला होता, पण त्याने अर्धी ताटली परत केली आणि आजीने संध्याकाळ व्हायच्या आत त्याचं नाव घेणं सोडून दिलं. आजीने नाव टाकलेल्या माणसाला त्या घरात पुन्हा खुर्ची मिळत नसे. तिझियानो तर थेट उत्तरेकडच्या डोंगरातला, ट्रेंटोचा. इटलीच्या दक्षिण टोकाच्या कालाब्रियातल्या त्या किनाऱ्यावर तो फेर्रागोस्तोच्या, म्हणजे ऑगस्टमधल्या मोठ्या सणाच्या, सुट्टीला आला होता तो मिरेल्लाला मागणी घालायला, आणि मागणी घालायची ती आजीकडेच हे त्याला गाडीतच बजावण्यात आलं होतं.

त्याने एकदा नुसता पाव मागून पाहिला होता. "पावाने कशाला पोट भरतोस? वांगी खा," असं म्हणून आजीने पाव उचलून दुसरीकडे ठेवला. त्यामुळे ऐन सणाच्या दिवशी, शंभर कुटुंबं तुडुंब जेवून छत्र्यांखाली लवंडलेली असताना, तिझियानोच्या पोटात सकाळच्या कॉफीखेरीज काही नव्हतं.

एक आधार होता तो कलिंगडाचा. सकाळी आजीने त्याच्या हातात जाळी आणि दोरी दिली होती. "हे काम माझा निकोदेमो करायचा," ती नवऱ्याच्या आठवणीने म्हणाली. "तो गेल्यापासून रोक्को करतो, पण रोक्कोच्या हाताला कलिंगड गार होत नाही." पन्नाशीचा रोक्कोमामा हे ऐकून हिरमुसला. तिझियानोने कलिंगड जाळीत घातलं, दोरीला गिर्यारोहकांची पक्की गाठ मारली, काठावर एक खुंटी ठोकली आणि फळ लाटांत सोडलं. गाठीत काही खोट नव्हती. खुंटी मात्र त्याने डोंगरातल्या मातीत ठोकावी तशी ठोकली होती, आणि ओल्या वाळूला ते मान्य नव्हतं.

"मामा, ते हिरवं काय चाललंय?" पाण्याकडे बघत मिरेल्लाने विचारलं.

रोक्कोमामा कोपरावर उठला. "कलिंगड आहे कुणाचंतरी." मग त्याचा आवाज बदलला. "आपलंच आहे."

खुंटीसकट जाळीसकट कलिंगड निवांतपणे निघालं होतं. वारा जमिनीकडून होता. सगळं कुटुंब काठावर धावलं आणि पाणी घोट्यापर्यंत येताच एका रांगेत थबकलं. सगळे जेवलेले होते. जेवल्यावर तीन तास समुद्रात शिरायचं नाही, शिरलं तर पचन जागच्या जागी थांबतं आणि माणूस दगडासारखा तळाशी जातो, हे त्या किनाऱ्यावर आईच्या दुधाबरोबर पाजलं जातं. असा तळाशी गेलेला माणूस प्रत्यक्ष कुणी पाहिला नव्हता, पण प्रत्येकाच्या चुलतभावाच्या ओळखीतला एकजण गेलेला होता.

"रोझाल्बा, तू जा. तू कमी खातेस," रोक्कोमामा बहिणीला म्हणाला.

"मी? मी परमिजानावर मिरच्यासुद्धा खाल्ल्या. तू जा, तुला एवढं वाटतंय तर."

"मला दोन मुलं आहेत."

"मग मी काय सुटी बाई आहे? ही मिरेल्ला कोणाची?"

शेजारच्या छत्र्यांतली माणसंही आली. मग चौकशी सुरू झाली. कोण किती वाजता जेवलं, काय जेवलं, फळं धरायची की नाही. एका काकांनी केवळ सूप घेतलं होतं, पण त्यात शेवया होत्या, म्हणून ते बाद झाले. जीवरक्षक दारिओला हाक मारली तर तो गुडघाभर पाण्यात येऊन उभा राहिला.

"मी तीन घरचं जेवलोय," तो म्हणाला. "माणूस बुडत असता तर गेलो असतो, मरण आलं तरी. कलिंगडासाठी नाही जाणार."

"मग होडी काढ."

"होडीवर तुमचीच भांडी मांडलीयेत, मामा."

खरंच मांडली होती. पालथी होडी म्हणजे आयतं टेबल, म्हणून सकाळीच तिच्यावर चादर पसरली गेली होती. आता ती रिकामी करून, सुलटी करून, ओढत आणेपर्यंत कलिंगड ग्रीसला पोचलं असतं.

फिलोमेनाआजी सगळ्यांच्या मागे उभी होती. काळ्या झग्याच्या खिशात हात घालून नुसती त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होती. तिझियानोने तिचा चेहरा पाहिला. एवढ्या गर्दीत समुद्रात उतरायला लायक असा तो एकटाच होता. पण उतरावं तर उपाशी असल्याचं कबूल करायचं, मग वांगी कुठे गेली ते सांगायचं, आणि मिरेल्ला, मागणी, सगळं त्या खड्ड्यात गाडायचं. न उतरावं तर निकोदेमोआजोबांचं काम त्याच्या हातून वाहून चाललं होतं.

त्याने शर्ट काढला आणि कुणाला काही न सांगता उडी टाकली.

मागे एकच गदारोळ झाला. "अरे, दोनदा घेतलंय त्याने!" रोझाल्बा ओरडली. मिरेल्ला रडायलाच लागली. दारिओने शिट्टी फुंकली आणि छातीवर क्रूस काढला. तिझियानो हात मारत राहिला. कलिंगड हाताला लागलं तेव्हा तळ पायाखालून गेला होता, पण त्याला पोहायला येत होतं, आणि जाळी धरून तो मागे वळला तर त्याला समोर काळं काहीतरी येताना दिसलं.

फिलोमेनाआजी पोहत येत होती. झग्यासकट. कोळ्याची मुलगी ती, सत्तरी उलटली तरी हात कसे सपासप चालत होते. तिने येऊन आधी त्याचं बखोट धरलं.

"पोटात दुखतंय? डोळ्यांपुढे अंधारी येतेय? खरं सांग."

"आजी, तुम्ही कशाला आलात? तुम्ही जेवलात ना!"

"माझं सोड. तू दोन ताटल्या खाल्ल्यास. मला तुझ्या आईला तोंड दाखवायचंय."

आता खोटं बोलणं त्याच्याच्याने होईना. "नाही खाल्ल्या," तो म्हणाला. "वाळूत पुरल्या. मला वांगी जात नाहीत, आजी. माफ करा."

आजी कलिंगडाच्या पलीकडे तरंगत राहिली.

"मलाही नाही जात," ती म्हणाली.

"काय?"

"लग्न झालं त्या दिवसापासून परमिजाना करतेय. निकोदेमोला जीव की प्राण होती. तो बोटं चाटत खायचा ते बघून माझं पोट भरायचं. आता तो नाही, तर त्याची म्हणून करते."

"पण मग तुम्ही काय खाता?"

"वाढणाऱ्या बाईच्या ताटात कोण बघतं?"

तिझियानोला तिचा हात धरावासा वाटला, म्हणून त्याने तो धरला, कलिंगडावरच. "काठावर काय सांगायचं?" त्याने हळूच विचारलं.

आजीने काठाकडे पाहिलं. सगळं गाव रांगेत उभं होतं. "सांगायचं काय त्यात? आपण दोघंही पोटभर जेवलोय," ती म्हणाली आणि जाळी ओढायला लागली.

काठावर त्यांना चार-चार हातांनी बाहेर काढलं. मिरेल्ला तिझियानोच्या गळ्यातच पडली. रोक्कोमामाने आईला टॉवेलात गुंडाळलं, तिची नाडी पाहिली, आणि मग त्याच्या डोक्यात काहीतरी यायला लागलं.

"आई, तू जेवून पाण्यात गेलीस?"

"गेले."

"हा दोन ताटल्या खाऊन गेला?"

आजीने तिझियानोकडे पाहिलं. एका शब्दाने तिला आपला तीन तासांचा कायदा वाचवता आला असता. तिने तो शब्द गिळला. "हो. दोन ताटल्या," ती म्हणाली.

"आणि काहीच झालं नाही?"

"नाही झालं बाबा."

मग मुलांनी हे नीट ऐकलं असल्याचं लक्षात आलं, कारण ती पाण्यात होती. त्यांच्या आया ओरडत मागे धावल्या आणि त्याही पाण्यात गेल्या. "आई, माझं अख्खं लहानपण तू वाळूत बसवून घालवलंस," असं म्हणत रोझाल्बा गेली. सूपवाले काका गेले. शेवटी रोक्कोमामाने पोटावरून हात फिरवला, आकाशाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भरल्या पोटी समुद्रात शिरला.

एवढ्या मोठ्या वाळूवर दोघंच उरली, दोघंही उपाशी. आजीने सुरी आणली. कलिंगड कडकडत फुटलं, आतून लालभडक आणि दातांना झोंबेल इतकं गार निघालं. तिने मधला गर कापून तिझियानोला दिला, मग स्वतःला घेतला, आणि दोघं हनुवटीवरून रस गळेपर्यंत खात राहिली.

"तिझियानो, ये ना!" पाण्यातून मिरेल्लाने हाक मारली.

त्याने हात पुसले आणि तो उठला. तेवढ्यात त्याच्या मनगटाभोवती आजीची बोटं आवळली.

"कुठे निघालास?" ती म्हणाली. "आत्ता खाल्लंस ना? माझ्या घरच्या मुलांना तीन तास बसावं लागतं. बस."

तिझियानो बसला.