चतुर्थीचा चंद्र आणि शालूआत्या

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी हैदराबादेतल्या आमच्या कुकटपल्लीच्या इमारतीतली मराठी मंडळी खाली मान घालून चालतात. चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो ना. माझी शालूआत्या मात्र खुर्ची घेऊन गच्चीवर जाते आणि चंद्राकडे टक लावून बसते.

"येऊ दे की आळ," ती म्हणते. "अभ्यासाला बरा."

अभ्यास खरा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आत्याने विद्यापीठात समाजशास्त्र आणि गुन्हेशास्त्राला नाव घातलं. तेव्हापासून आमच्या घरात साधी सरळ चोरी होत नाही. मधुमेहवाल्या बाबांनी फ्रिजमधले मोदक पळवले, आई चिडली, तर आत्या म्हणाली, "वहिनी, चोर नंतर. आधी सांग, या घरात गोडाचं वाटप समान होतं का?" बाबांनी स्वतःला तत्काळ वंचित घटक जाहीर करून आणखी एक मोदक मागितला. दूध उतू गेलं आणि आईने माझ्याकडे पाहिलं, तरी आत्याचं ठरलेलं वाक्य येतं, "आरोप म्हणजे गुन्हा नव्हे."

यंदा दीड दिवसाच्या विसर्जनानंतर वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंची नैवेद्याची चांदीची वाटी नाहीशी झाली. काकूंनी कामवाल्या यादम्मावर ठपका ठेवला. पार्किंगमध्ये सगळे जमले. "हिला उद्यापासून कुणीच घरात घेऊ नका," काकू म्हणाल्या. यादम्मा बिचारी पिशवी उलटी करून उभी होती.

आत्या तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने स्वतःची पर्स काकूंपुढे धरली. "माझीही झडती घ्या. आरतीला मीही होते. आणि चंद्र तर मीच पाहिलाय."

काकूंनी पर्स बाजूला सारली. यादम्माचं काम तेवढ्यापुरतं टिकलं.

दुसऱ्या दिवशी निर्माल्याच्या पिशवीत, दूर्वांच्या खाली, वाटी सापडली. काकूंनीच फुलांबरोबर भरली होती. त्यांचा फोन आला, "मिळाली हो. विषय संपला."

"यादम्माला सांगितलंत?" आत्याने विचारलं, आणि वर जाऊन काकूंना हाताला धरून पार्किंगमध्ये आणलं. काकू सगळ्यांसमोर "चुकलं माझं" म्हणाल्या.

यादम्माने डोळे पुसले. "अम्मा, अगले साल चांद नक्को देखो," ती आत्याला म्हणाली.

लिफ्टमध्ये आत्या म्हणाली, "माझी आई इथेच जामबागला लोकांकडे स्वयंपाक करायची. तिच्यावर असाच अंगठीचा आळ आला. अंगठी त्यांच्याच घरात मिळाली, पण आईला सांगायला कुणी आलं नाही. शेवटपर्यंत दाराची कडी वाजली की तिला वाटायचं, तेच सांगायला आले."

आजीबद्दल हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी आत्याचा हात घट्ट धरला. मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

पुढच्या चतुर्थीला गच्चीवर मी दुसरी खुर्ची नेणार आहे.