रागीच्या डब्यातला अर्ज

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवाप्पा उठला, तेव्हा त्याच्या उजव्या गालावर तुरीच्या डाळीचे ठसे उमटले होते. आरशात पाहून त्याला आधी वाटले, पित्त उठले. मग त्याने उशी दाबून पाहिली. उशी खुळखुळली.

“पद्मा, उशीत काय भरलंस?”

“तूरडाळ,” पद्मावती आतून म्हणाली. “लोडात तांदूळ आहेत. स्वल्प जपून टेका.”

“आणि डबे कुठं गेले?”

“बाहेर या, दाखवते.”

पद्मावतीचे माहेर चिकपेटच्या मागच्या गल्लीतले, कापडवाल्यांचे. ही मराठी माणसे कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरात राहिलेली. त्यांच्यात नवरात्रात पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, आणि वरच्या पायरीवर आजीकडून आलेले लाकडी राजा-राणी बसतात. देवाप्पा अथणीकडचा. त्याच्या घरी घट बसत, बाहुल्या बसत नसत. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, तरी या पायऱ्यांकडे तो पाहुण्यासारखाच बघत असे.

या वर्षी पायऱ्यांच्या शेजारी स्वयंपाकघरातले सात डबे एकावर एक चढून उभे होते. तळाला तांदळाचा, मग लहान होत होत वर मोहरीचा. सगळ्यांना मिळून चांदीचा कागद चिकटवलेला, टोकाला उपडे नरसाळे. बाजूला स्टुलावर आप्पेपात्र उभे केले होते. त्याला खड्डे आयतेच होते, म्हणून तो चंद्र. चंद्रापुढे शेवया दाबायचा तीन पायांचा पितळी साचा, ते तिथे उतरलेले यान.

“कसं दिसतंय रॉकेट?” पद्मावतीने विचारले.

देवाप्पाचे डोळे खालून तिसऱ्या डब्यावर खिळले होते. “तो रागीचा डबा का?”

“हो. रिकामाच होता. तुमच्या घशाखाली रागी उतरते कुठं? उघडलाही नाही, तसाच लावला.”

देवाप्पा मटकन लोडावर बसला. आत तांदूळ करकरले.

त्या डब्यात अर्ज होता. गल्लीत नळाला नऊ दिवसांनी एकदा पाणी येत होते, बोअर आटली होती, आणि बारा बिऱ्हाडे कंटाळून देवनहळ्ळीला निघून गेली होती. शेजारच्या रघुनंदनने, म्हणजे निवृत्त हेडक्लार्कने, अर्जाचा मसुदा केला होता. देवाप्पाने महिनाभर दारोदार फिरून त्यावर एकशे बारा सह्या घेतल्या होत्या. शनिवारी अकरा वाजता पाणीखात्याचे साहेब वॉर्डाच्या कचेरीत बसून अर्ज घेणार होते. त्यानंतर ते पुन्हा कधी बसतील, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. देवाप्पाची आई घराचे कागद ज्वारीच्या कणगीत ठेवी. त्याच शिस्तीने देवाप्पाने अर्ज रागीच्या डब्यात ठेवला होता.

“पद्मा, तेवढा डबा काढ. पाण्याचा अर्ज आहे त्यात.”

“अय्यो! एकदा मांडलं की दशमीपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या मामाचा चष्मा राणीच्या मागं राहिला होता, तर मामानं नऊ दिवस अंदाजानं कापड फाडलं.”

“अगं, शनिवारी द्यायचाय!”

“मग दुसरा लिहा.”

“आणि सह्या? सह्या करून गेलेल्या त्या बारा बिऱ्हाडांमागं देवनहळ्ळीला जाऊ?” देवाप्पा चिडला. “आधीच कारखान्यात काम नाही, आठवड्यातले दोन दिवस सक्तीनं घरी बसवलंय, आणि तू रॉकेट मांडतेस! सरकारचंही तेच. लोकांची ओढाताण चाललीय आणि हे चंद्रावर यानं पाठवतायत!”

“तिथं पाणी आहे का ते बघायला गेलेत म्हणे.”

“तिथलं बघतात. इथलं कोण बघणार?”

“ओढाताण आहे म्हणून सगळंच बंद करायचं काय? मग तुमचा पेपर बंद करते उद्यापासून. पानाचा डबाही.”

“पानाचं आणि रॉकेटचं एक आहे होय?”

“नाहीच. पान तुम्ही एकटे खाता. रॉकेट सगळी गल्ली बघते.”

देवाप्पाने पानाचा डबा जवळ ओढला. अर्जात नेमके काय लिहिले आहे, हे त्याने बायकोला सांगितले नव्हते आणि आता तर सांगण्याची सोय उरली नव्हती. रघुनंदनला साधे लिहिता येत नसे. त्याने लिहिले होते, “तिजोरीत खडखडाट असता शासनाने आकाशात बाण सोडणे तत्काळ थांबवावे व तो निधी आमच्या गल्लीच्या पाइपात सोडावा.”

बुधवार गेला, गुरुवार गेला. रॉकेटची बातमी मात्र गल्लीबाहेर पोचली. रोज संध्याकाळी बायका येत, हळदीकुंकू घेत, चण्याची उसळ खात आणि रॉकेटचा फोटो काढून नेत. शुक्रवारी देवाप्पाला सक्तीची सुट्टी होती. चार वाजता पद्मावती पलीकडच्या गल्लीत हळदीकुंकवाला गेली, आणि पाचव्या मिनिटाला रघुनंदन दारात हजर झाला.

“देवाप्पण्णा, सोपं आहे. तुम्ही वरचे चार डबे अलगद उचला. मी तिसरा काढतो. तुम्ही परत ठेवा. कुणाला कळणार नाही.”

“वर एक डबा कमी होईल की.”

“रॉकेट जाताना एकेक भाग गळूनच पडतो. शास्त्रात बसतं ते.”

देवाप्पाने वरचे चार डबे उचलले, तर त्यांच्याबरोबर खालचे तीनही उठले. पद्मावतीने डिंक लावताना हात राखला नव्हता. रॉकेट हवेत वीतभर उडाले, एका बाजूला कलले आणि थेट राजा-राणीच्या दिशेने निघाले. देवाप्पाने दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. ते पाहून रघुनंदन दचकून मागे सरला. त्याचा धक्का स्टुलाला लागला आणि चंद्र सुटला. तो त्याने जमिनीपासून चार बोटांवर झेलला.

“सोडू नका हं, अण्णा!”

“सोडतो कसला! राणीचं डोकं माझ्या कोपराला लागलंय. तू ये इकडं धरायला.”

“चंद्र कुठं ठेवू? स्टुलाचा पाय निघालाय.”

इतक्यात दार उघडले. पद्मावती आत आली आणि तिच्यामागे सात बायका. देवाप्पा रॉकेटला कवटाळून उभा होता. रघुनंदन गुडघ्यांवर बसून आप्पेपात्र छातीशी धरून होता.

पद्मावती कापडवाल्याची मुलगी होती. गिऱ्हाइकासमोर ठाण फाटके निघाले तरी चेहरा ढळू द्यायचा नाही, हे तिला लहानपणापासून येत होते.

“या ना,” ती बायकांना म्हणाली, “आज जिवंत देखावा आहे. हे आमचे हे. उड्डाणाआधी रॉकेटला धरून ठेवतो ना, तो मनोरा झालेत. आणि रघुनंदन चंद्राला फिरवतात.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. रघुनंदनने चंद्र थोडा फिरवला.

सातजणींत एक सुप्रीता होती, नवीन चेहरा. तिने लगेच फोन लावला. “अहो, गाडीतून उतरा आणि आत या. असलं कधी बघितलं नसेल.” तिचा नवरा नाइलाजाने आत आला. त्याला पाहून रघुनंदनचा चंद्र थांबला. ते पाणीखात्याचे जयतीर्थ साहेब होते.

साहेब रॉकेटभोवती एक फेरी मारून देवाप्पासमोर उभे राहिले. “वा, सरी, झकास! किती वेळ असे उभे राहता?”

“दशमीपर्यंत,” पद्मावती म्हणाली.

“एवढं प्रेम हल्ली दिसत नाही,” साहेब म्हणाले. “आमच्याकडे लोक उलटंच लिहून आणतात. पैशाची चणचण आहे, रॉकेट कशाला उडवता म्हणून. तुमचं काय मत?”

देवाप्पाचे मत एकशे बारा सह्यांसकट त्याच्या पोटाला टेकले होते. त्याने रघुनंदनकडे पाहिले. रघुनंदन चंद्रामागे गेला होता. त्याने बायकोकडे पाहिले. तिने भुवई उचलली.

“धरलंय तोवर सोडता येत नाही, साहेब,” देवाप्पा म्हणाला. “कोसळलं तर फार नुकसान.”

“अगदी बरोबर बोललात!” साहेबांनी मान डोलावली.

तेवढ्यात सुप्रीताला ठसका लागला. पद्मावतीची उसळ तिखट असे. “पाणी, पाणी!” पद्मावती आत गेली आणि अर्धा पेला घेऊन आली.

“एवढंच?” साहेबांनी विचारले.

“आज आठवा दिवस, सर. उद्या नळ आला तर पुरा पेला देईन.”

सुप्रीताने पेला संपवला, डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली. सातजणी ऐकत होत्या, पण तिला त्याचे काही नव्हते. “हे लोक घरातल्या डब्यांनी चंद्रावर पोचलेत. तुम्हांला मुख्य रस्त्यावरून या गल्लीत पोचता येत नाही काय?”

साहेब अंगणात गेले. त्यांचा फोनवरचा आवाज आतपर्यंत येत होता. रस्ता खणला तेव्हा कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला होता आणि तो उघडायचा राहून गेला होता. किती दिवस, ते मात्र त्यांनी हळू आवाजात विचारले.

बायका गेल्यावर पद्मावतीने रॉकेट सरळ करून दिले. एका हाताने. नवऱ्याशी ती रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही.

शनिवारी सकाळी सहा वाजता नळ असा फुरफुरला की गल्लीतली कुत्री भुंकली; त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. अकरा वाजता वॉर्डाच्या कचेरीत साहेब एकटेच बसले होते. सगळी गल्ली कपडे धूत होती.

दशमीला रात्रीची आरती झाल्यावर पद्मावतीने राजा-राणीला आडवे करून निजवले, चांदीचा कागद सोलला आणि रागीचा डबा उघडला. अर्ज तिने उभ्याउभ्या वाचला. देवाप्पा लोडातले तांदूळ डब्यात ओतत होता. त्याची धार थांबली.

“आकाशात बाण सोडणे तत्काळ थांबवावे,” तिने मोठ्याने वाचले.

“रघुनंदनची भाषा ती.”

“आणि खाली पहिली सही कुणाची आहे?”

देवाप्पाने लोडाची शिवण चाचपली.

“माझी! पाण्याचा आहे, कर सही, म्हणालात. मी पोळी लाटता लाटता केली. पीठसुद्धा लागलंय.”

“हे बघ पद्मा, पाणी काही रॉकेटमुळं आलं नाही. साहेबांच्या बायकोमुळं आलं.”

“आणि साहेबांची बायको कशाला आली होती? तुम्हांला बघायला?”

पद्मावतीने अर्जाची घडी घातली, ती डब्यात टाकली आणि झाकण दाबून बसवले.

“पुढच्या वर्षी मंगळ मांडणार आहे,” ती म्हणाली. “गटाराचा अर्ज लिहून ठेवा. आणि त्या रघुनंदनला म्हणावं, आकाशाबद्दल एक अक्षर नको.”

देवाप्पाने पुन्हा तांदळाची धार धरली. मग खाली मान घालूनच त्याने विचारले, “मंगळाला किती डबे लागतील?”