एमिल वोंद्राची पिवळी टोपी

एमिल वोंद्राच्या थोरल्या बहिणीनं एकोणऐंशीव्या वर्षी तिसरं लग्न केलं, त्या सालची ही गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता. अमेरिकेतल्या नेब्रास्कातला मका वाळून पिवळा पडला होता आणि वारा सुटला की सगळं शिवार झोपेत कूस बदलावी तसं सळसळायचं. एमिल रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ती सळसळ ऐकायचा. मग खुंटीवरची बियाणे कंपनीची पिवळी टोपी डोक्यावर ठेवून गावातल्या धान्याच्या गोदामावर कॉफी प्यायला जायचा.

त्या सोमवारी खुंटीवर पिवळी टोपी नव्हती. शेजारच्या खुंट्यांवर मात्र तीन टोप्या होत्या. हिरवी, निळी आणि तांबडी. त्या त्याच्या नातीच्या. टेगन सोळा वर्षांची, सहा फूट एक इंच उंच. व्हॉलीबॉलच्या जाळ्यावर तिचा हात उठला की समोरच्या पोरी डोळे मिटून घ्यायच्या. आपापल्या रंगाची टोपी पाठवून तीन कॉलेजं तिला आपल्या संघात घ्यायला मागे लागली होती. शाळा संपायला पावणेदोन वर्षं होती, पण तिघांनाही तिचा शब्द आत्ताच हवा होता. निळ्या कॉलेजच्या कोचबाईंनी तर रविवारपर्यंतची मुदत दिली होती. एकदा ठरलं की त्या कॉलेजची टोपी घालायची, तोवर घरात कुणीही घालायची नाही, असा त्या मुलखाचा रिवाज.

एमिलला रिवाज ठाऊक होता. पण त्या सकाळी पश्चिमेला एक ढग अगदी त्याच्या वारलेल्या घोडीसारखा उभा होता, मान थोडी वाकडी करून. तो त्या घोडीकडे बघत राहिला, हात खुंटीकडे गेला आणि हिरवी टोपी डोक्यावर आली.

गोदामावर रोज कॉफीला सोबत असणाऱ्या स्टॅनलीनं कप खाली ठेवला. "हिरवी? ठरलं म्हणायचं मग."

एमिल खिडकीतून बघत होता. घोडीला आता शेपूट फुटत होतं. त्यानं मान हलवली.

"पोरीला हिरवं घे म्हणून कोण म्हणालं, तू की तिची आई?"

एमिलनं पुन्हा मान हलवली. स्टॅनलीला तेवढं पुरेसं होतं.

दहा वाजता बेकरीतल्या आर्लीननं कोलाचींवर, त्या फळं भरलेल्या गोड पावांवर, हिरवी साखर भुरभुरली. बारा वाजता शाळेसमोरच्या फलकावर टेगनचं अभिनंदन लागलं, खाली कॉलेजच्या नावासकट. चार वाजता हिरव्या कोचचा आनंदाचा फोन आला. साडेचारला निळ्या कोचबाईंचा आला, शांत आवाजात. "ऐकलं मी. छान झालं. तुझी जागा आता दुसऱ्या मुलीला देते."

टेगन स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसली. "आजोबा, मी अजून कुणालाच हो म्हटलं नाहीये."

एमिलनं टोपी काढून हातात घेतली. तिचा रंग त्याला तेव्हा दिसला.

"मग तुला जायचंय कुठं?"

"तेच तर कळत नाहीये ना. रात्री निजताना एक वाटतं, उठल्यावर दुसरंच. कळायला थोडा वेळ तरी द्या म्हणावं. कुणी देतच नाही."

एमिलला रात्रभर झोप आली नाही. टोपीनं बिघडलं ते टोपीनंच निस्तरावं, असा सरळ हिशोब त्यानं केला. मंगळवारी तो निळी घालून गेला.

"अरे, कालची हिरवी कुठं गेली?" स्टॅनली म्हणाला. "पोरगी शब्द फिरवते की काय?"

"पोरीनं शब्द दिलाच नव्हता. माझं डोकं ते, काहीही घालतं."

पण हे वाक्य गावात कुणी पुढं नेलं नाही. टोपी तेवढी पुढं गेली. बुधवारी, निदान तांबड्यांवर अन्याय नको म्हणून, एमिल तांबडी घालून गेला. आर्लीननं साखर भुरभुरायचीच बंद केली. शाळेच्या शिपायानं फलकावरचं कॉलेजचं नाव काढलं आणि अभिनंदन कशाबद्दल ते न कळून तसंच ठेवलं.

"एमिलराव, उद्या काय, इंद्रधनुष्य?" स्टॅनली म्हणाला.

मग फोन सुरू झाले. गावात प्रत्येक कोचचा एकेक कान होता आणि प्रत्येकाला दुसरा पुढे गेल्याची खबर लागली होती. निळ्या बाई म्हणाल्या, जागा अजून कुणाला दिलेली नाही, रविवारचं काही मनावर घेऊ नकोस. तांबडा म्हणाला, सावकाश विचार कर. हिरवा म्हणाला, पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबतो. आपण घाई केली म्हणून पोरगी हातची गेली, असं व्हायला कुणालाच नको होतं.

त्या संध्याकाळी एमिल आणि टेगन मागच्या पायरीवर बसले. एमिलनं कणसातला एक दाणा दाताखाली धरला.

"अजून ओला आहे. मका कधी काढायचा ते दाण्याला विचारावं. विकत घेणाऱ्याला नव्हे."

टेगननं खेळाच्या पिशवीत हात घालून पिवळी टोपी काढली आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"तू नेली होतीस?"

"रविवारी, सामन्याला. सगळे विचारत होते, कुठली घालतेस, कुठली घालतेस. ही घातली की कुणी काही विचारत नाही. परत टांगायची राहिली."

एमिलनं टोपी उचलून तिची कड सरळ केली. शिवार अंधारात हळूहळू कूस बदलत होतं. मग त्यानं ती तिच्याच डोक्यावर ठेवली.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात शाळेच्या हॉलमध्ये सहीचं टेबल मांडलं. तीन टोप्या ओळीनं ठेवल्या. टेगननं निळी उचलून आईच्या हातात दिली आणि निळ्या कॉलेजच्या कागदावर सही केली. सही करताना तिच्या डोक्यावर पिवळी होती. फोटोवाल्यानं दोनदा सांगितलं, तरी तिनं ती काढली नाही.

"हे पिवळं कॉलेज कुठलं गं?" मागून स्टॅनलीनं विचारलं, आणि मग स्वतःच खाली बघितलं.

एमिल वोंद्रा सहीच्या आठवडाभर आधी, त्याच महिन्याच्या तीन तारखेला, सकाळी, मका काढून झाल्यावर, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीत वारला.